साथ येण्याआधीची सावधगिरी
चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलप्रदेशातील अनुभव काय सांगतो?

मार्च २०२० च्या अखेरीस गडचिरोली जिल्ह्यातील अनेक आदिवासी गावांनी आपल्या वाटा स्वतःच बंद केल्या. कुठे रस्त्यावर बांबू आडवे बांधले गेले, तर कुठे झाडांचे ओंडके टाकले गेले. बाहेरच्या माणसाने गावात येऊ नये आणि गावातल्या माणसाने कारणावाचून बाहेर पडू नये, असा निर्णय गावकऱ्यांनी एकत्र बसून घेतला. ‘गावबंदी’ हा शब्द त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून सर्वत्र झाला. विशेष म्हणजे तेव्हा जिल्ह्यात कोरोनाचा एकही रुग्ण नोंदला गेलेला नव्हता. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च रोजी पुण्यात आढळले होते. चंद्रपुरात पहिला रुग्ण मे महिन्याच्या आरंभी आढळला आणि गडचिरोलीत तर मेच्या मध्यास. म्हणजे संकट दारात येण्याच्या सुमारे दीड महिना आधी ही गावे सावध झाली होती.

रुग्ण उशिरा आढळले याचे सारे श्रेय गावबंदीला देता येणार नाही. देशभरातील टाळेबंदी, तुरळक वस्ती आणि बाहेरून परतणाऱ्यांचे शाळांमधील विलगीकरण यांचाही त्यात वाटा होता. तेलंगणात मिरची तोडण्यासाठी गेलेल्या मजुरांना परतीच्या वाटेवर मोठे हाल सोसावे लागले, हेही विसरता येत नाही. तरीही कोणाच्या धाकाने नव्हे, तर आपल्या विचाराने लोकांनी वेळेआधी खबरदारी घेतली, एवढे निश्चित.

याच प्रदेशाचे दुसरे चित्र मात्र वेगळे आहे. मलेरिया येथे दरवर्षी येतो. राज्यातील मलेरियाच्या रुग्णांमध्ये गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षे फार मोठा राहिला आहे आणि त्यातही मेंदूवर आघात करू शकणारा फॅल्सिपेरम हा घातक प्रकार येथे अधिक आढळतो. असे असूनही अनेक घरांत मच्छरदाणी घडी घालून ठेवलेली असते. फवारणीसाठी आलेल्या कर्मचाऱ्यांना आतली खोली उघडून दिली जात नाही. ताप आल्यावर आधी पुजाऱ्याकडे आणि मग दवाखान्यात, असा क्रम पुष्कळ ठिकाणी चालतो. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, कोरोनाची लस आली तेव्हा भामरागड-एटापल्लीसारख्या दुर्गम भागांत सुरुवातीला अनेकांनी ती घेण्यास नकार दिला.

तीच माणसे एका आजाराबाबत सर्वांच्या आधी जागी होतात आणि दुसऱ्याबाबत उशिरा. हे अज्ञानामुळे होते, असे म्हणणे सोपे आहे; पण मग गावबंदीचा उलगडा होत नाही. शिवाय शिकलेल्या, सधन कुटुंबांतही हेच घडते. म्हणून माणूस साथीच्या आरंभीच खबरदारी केव्हा घेतो, हा प्रश्न जंगलातील गावांपुरता राहत नाही.

दिसणारी खूण

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढील काही वर्षांत तो महाराष्ट्रभर पसरला. त्या काळच्या आठवणी ज्या घरांतून सांगितल्या गेल्या, तेथे एक गोष्ट हमखास ऐकू येई. गावात उंदीर पडू लागले, की लोक घराला कुलूप लावून शिवारात झोपड्या बांधून राहत. माणूस आजारी पडण्याची वाट पाहिली जात नसे. मेलेला उंदीर ही अशी खूण होती, की ती प्रत्येकाला आपल्या डोळ्यांनी पाहता येई. तिचा अर्थ लावण्यास डॉक्टर लागत नसे आणि ती दिसल्यावर काय करायचे हेही सर्वांना ठाऊक असे.

मलेरियाला अशी खूण नाही. दूषित डास चावल्यानंतर साधारण नऊ ते चौदा दिवसांनी ताप येतो. त्या रुग्णाच्या रक्तातून डासाला लागण होण्याजोगी स्थिती येण्यास आणखी काही दिवस लागतात. डासाच्या शरीरात परोपजीवी वाढून तो दुसऱ्याला रोग देण्यास समर्थ होईपर्यंत पुन्हा सुमारे दहा ते चौदा दिवस जातात. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाण्याचा हा फेरा महिन्याहून अधिक काळाचा असतो. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात तापाच्या रुग्णांची रांग लागते, तेव्हा साथीचे बीज कित्येक आठवडे आधी पडलेले असते. त्यातच वारंवार मलेरिया झालेल्या काही माणसांच्या रक्तात परोपजीवी असूनही त्यांना ताप नसतो. ती हिंडती-फिरती असतात, म्हणून संशयही येत नाही.

कोरोनाच्या वेळी दूरच्या शहरांतील दृश्ये मोबाईलवर गावोगावी पोहोचली होती आणि ‘रोग बाहेरून येणाऱ्या माणसाबरोबर येतो’ हे सूत्र समजण्यास सोपे होते. साथीला गावाच्या शिवेबाहेर ठेवण्याची कल्पनाही जुनीच आहे. मरीआईचा गाडा शिवेपार नेण्याची रीत महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांत होती. वाट अडवणे ही कृती म्हणूनच लोकांना परकी वाटली नाही. मलेरियाचा शत्रू मात्र घरामागच्या नाल्यात आणि धानाच्या बांधीत जन्मतो. त्याला शिवेवर अडवता येत नाही. तो दरवर्षीचा ओळखीचाही आहे आणि ओळखीच्या संकटाची भीती बोथट होत जाते.

भीती पुरेशी नसते

भीती वाढवली की लोक काळजी घेतील, असा एक समज आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली, तेव्हा काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. टेट्रासायक्लिन या औषधाचा दुकानांतून तुटवडा झाला. पळणाऱ्यांबरोबर रोगही नव्या ठिकाणी जाऊ शकतो, याचा विचार त्या घाईत कोणी केला नाही. भीतीने माणूस हलतो हे खरे. पण तो कोणत्या दिशेने जाईल, हे भीती ठरवत नाही.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास १९५० च्या दशकात अमेरिकेत झाला. क्षयरोग लवकर ओळखता यावा म्हणून तेथे छातीच्या एक्स-रेची सोय विनामूल्य करण्यात आली होती, तरी पुष्कळ लोक फिरकत नव्हते. गॉडफ्रे हॉकबाउम या मानसशास्त्रज्ञाने तीन शहरांतील बाराशेहून अधिक प्रौढांशी बोलून याचे कारण शोधले. ‘हा रोग मला होऊ शकतो’ आणि ‘लवकर कळल्यास मला त्याचा लाभ होईल’ या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या, त्यांपैकी ८२ टक्के लोकांनी आपणहून एक्स-रे काढून घेतला होता. ज्यांना दोन्हींपैकी एकही पटली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण केवळ २१ टक्के होते.

यातील दुसरा भाग महत्त्वाचा आहे. धोका आपल्यालाही आहे हे पटावे लागतेच. त्याबरोबर आपण काही केले तर उपयोग होईल, हा विश्वासही असावा लागतो. तो नसेल, तर माणूस बातमीच ऐकेनासा होतो.

हाताशी असलेला उपाय

बांगलादेशातील मतलब परिसरात कॉलऱ्यावर झालेला एक प्रयोग या संदर्भात उल्लेखनीय आहे. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात. जुनी सुती साडी अनेक पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळले, तर हे सूक्ष्म जीव आणि त्यांबरोबर पुष्कळसे जंतू अडतात. ६५ गावांत झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. साडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलऱ्याचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले होते. नवे यंत्र आणावे लागले नाही की पैसा लागला नाही. घरातील स्त्रीच्या हाताला सवयीचे असलेले कामच थोडे नीट करायचे होते.

जैन घरांत पाणी गाळण्याचा नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यामागील हेतू जीवदयेचा आहे, रोगनिवारणाचा नव्हे. पण नारू या रोगाचा इतिहास पाहिला, की या सवयीचे मोल वेगळ्या अंगानेही ध्यानात येते. नारूचा प्रसार पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीवांमार्फत होत असे आणि पिण्याचे पाणी दाट कापडातून गाळणे हा त्यावरचा मुख्य उपाय होता. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. या रोगावर लस नव्हती की खात्रीचे औषध नव्हते. गाळलेले पाणी, सुरक्षित विहिरी आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे, एवढ्यावर तो गेला. रोज पाणी गाळणाऱ्या घराला साथ आल्याची बातमी कळण्याचीही गरज नव्हती.

गडचिरोलीतच याचे आणखी एक उदाहरण आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८८ पासून बालकांच्या न्यूमोनियावर काम सुरू केले. मूल केवळ सर्दीने आजारी आहे की न्यूमोनियाने, हे ओळखण्यासाठी त्याचे श्वास मोजावे लागतात. अक्षरओळख नसलेल्या दाईलाही ते करता यावे म्हणून वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधे उपकरण तयार करण्यात आले. गावातलीच माणसे न्यूमोनिया ओळखून औषध देऊ लागली. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. ‘पोरगं दमलंय’ ही आईची नजर पूर्वीही होतीच. त्या नजरेला मोजमाप आणि उपाय मिळाल्यावर वेळेवर हालचाल होऊ लागली.

निर्णय कोणाचा?

१८९७ साली पुण्यात प्लेग आवरण्यासाठी सैनिकांकरवी घरझडत्या घेतल्या गेल्या. माजघर-देवघरात शिरणे, सामान बाहेर फेकणे, स्त्रियांची उघड्यावर तपासणी करणे यांमुळे लोकांत संताप उसळला. २२ जून रोजी प्लेग आयुक्त रँड याच्यावर झालेल्या गोळीबाराचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आरोग्याच्या दृष्टीने त्या सक्तीचा परिणाम उलटा झाला. लोक रुग्ण लपवू लागले आणि ज्या रोगात आरंभीचे दिवस मोलाचे, तेच दिवस वाया गेले.

त्याच सुमारास मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांच्या मनात शंका होत्याच. तेव्हा इस्माइली खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख तिसरे आगाखान यांनी अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली आणि त्या समाजातील अनेकांची भीती दूर झाली. सरकारी फर्मानाने जे साधले नाही, ते आपल्या माणसाच्या उघड्या दंडाने साधले.

गडचिरोलीच्या जंगलातही हेच सूत्र दिसते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव ग्रामसभेच्या कारभारासाठी देशभर ओळखले जाते. तेथील निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात. सर्वांनी मिळून घेतलेला निर्णय पाळून घेण्यास पोलीस लागत नाही. बंग दांपत्याने आदिवासींसाठी रुग्णालय उभारायचे ठरवले, तेव्हाही आधी लोकांनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता यावे, रुग्णालय आपल्या गावासारखे असावे, असे लोकांनी सांगितले. शोधग्रामात झोपड्यांच्या धर्तीवर रुग्णालय उभे राहिले आणि त्याला आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. तेथील आरोग्य संसदेत लोकांनी आपल्या दुखण्यांचा क्रम लावला, तेव्हा मलेरियाला अग्रस्थान दिले. लोकांना मलेरियाची काळजी नाही, हा समज त्यामुळे टिकत नाही.

लशीबाबत सुरुवातीला झालेला नकार या पार्श्वभूमीवर समजून घेता येतो. गावबंदीचा निर्णय गावाने घेतला होता. लस बाहेरून आली होती आणि तिच्याआधी अफवा पोहोचल्या होत्या. पुढे गोंडी आणि माडिया बोलींतून माहिती दिली जाऊ लागली, गावातील आशा कार्यकर्त्या व प्रमुख मंडळी पुढे आली, तसा लोकांचा प्रतिसाद वाढत गेला.

सावधगिरीची किंमत

आणखी एक कारण आहे आणि व्यापारी कुटुंबांना ते चटकन उमजेल. प्रत्येक खबरदारीला किंमत असते. प्रश्न असतो तो ही किंमत कोण देणार, हा.

मच्छरदाणी घरात टांगलेली असली, तरी धान पिकत आले की शेतकरी रात्री मचाणावर जागलीला असतो. तेंदूपत्त्याच्या हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे उघड्यावर निजतात. उन्हाळ्यातील उकाड्यात जाळीआड झोप लागत नाही. ताप आल्यावर रक्त तपासण्यास आता पंधरा-वीस मिनिटे पुरतात; पण त्यासाठी दिवसाची मजुरी बुडणार असेल, तर माणूस अंगावर ताप काढतो. हा हिशेब रोजच्या मिळकतीचा असतो. २०२० च्या गावबंदीचीही किंमत होतीच. पण तिचा भार सर्वांवर सारखा पडला आणि घरात धान होते, म्हणून ती काही काळ तरी परवडली.

दुकानदाराचा हिशेबही याहून वेगळा नसतो. साथीची पहिली कुणकुण लागते तेव्हा गल्ल्यावर गर्दी असते. एक दिवस दुकान बंद ठेवण्याचा तोटा आज, रोख आणि डोळ्यांसमोर असतो. टळलेल्या आजाराचा नफा मात्र कोणत्याच वहीत जमा दिसत नाही. खबरदारी फळाला आली, तर काहीच घडत नाही आणि मग ‘उगाच घाबरलो’ असे वाटते. विम्याचा हप्ता भरणारा व्यापारी मात्र वर्षभरात आग लागली नाही म्हणून हळहळत नाही. आरोग्याच्या बाबतीत ही समज अजून पुरती रुजलेली नाही.

चंद्रपूर शहरातील डेंग्यूचे उदाहरण घ्यावे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या शहरात कूलर ही गरज आहे. पावसाच्या पहिल्या सरींनंतर कूलर बंद होतात, पण टाकीतील पाणी तसेच राहते. गोदामामागचे टायर, मालावरच्या ताडपत्रीच्या खोलगट भागात साठलेले पाणी, गच्चीवरची उघडी टाकी येथे डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी व टाक्या रिकाम्या करून, घासून, कोरड्या करण्याचा ‘कोरडा दिवस’ सांगितला जातो. घासणे आवश्यक असते, कारण टाकीच्या भिंतीला चिकटलेली अंडी कोरड्यातही अनेक महिने टिकतात. हा उपाय सर्वांना माहीत आहे. तरी शेजारच्या घरात कोणी रुग्णालयात दाखल होईपर्यंत तो बहुधा केला जात नाही. मच्छरदाणी घडी घालून ठेवणारे जंगलातील घर आणि कूलरची टाकी भरलेली ठेवणारे शहरातील घर यांच्यात मग फारसे अंतर उरत नाही.

मृगाआधीची कामे

पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा जगाशी संपर्क तुटत आला आहे. त्यामुळे या भागातील लोक मृगाआधीच घर शाकारतात, सरपण आत घेतात आणि धान्य भरून ठेवतात. शासनही नवसंजीवन योजनेखाली दुर्गम गावांत पावसाळ्याचे धान्य आधीच पोहोचवते. दुकानदार मीठ, तेल, डाळ, ताडपत्री यांचा साठा मे महिन्यातच करून ठेवतो. पूर येईल की नाही, याची चर्चा तेव्हा कोणी करीत नाही. दरवर्षीची कामे म्हणून ती केली जातात. आगाऊ सावधगिरीचे संस्कार जंगलातील गावालाही आहेत आणि बाजारपेठेलाही. आरोग्याची कामे या मृगाआधीच्या यादीत बसवणे, एवढेच राहिले आहे.

येथे व्यापारी कुटुंबांना मोठे कार्य करता येण्याजोगे आहे. आठवडी बाजाराच्या गावी शेकडो माणसे येतात. दुकानात काम करणारा हमाल, दिवाणजी, वाहनचालक हे आसपासच्या खेड्यांतून येतात. त्यांच्यापैकी कोणाला ताप आला, तर त्याच दिवशी रक्ततपासणीसाठी भरपगारी सुटी देण्याचा नियम दुकानाने आधीच जाहीर केला, तर त्या तपासणीची किंमत मजुराच्या खांद्यावरून उतरते. नोकरांच्या घरी पुरेशा मच्छरदाण्या आहेत ना आणि जागलीला जाताना त्या सोबत नेल्या जातात ना, हे जूनपूर्वी विचारता येते. बाजाराच्या दिवशी आशा कार्यकर्तीला बसण्यासाठी दुकानाच्या ओसरीवर जागा देता येते. ज्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उधारी चालते, त्या दुकानदाराच्या शब्दाला गावात मोल असते. अफवा पसरण्याच्या काळात तो शब्द फलकावरील सूचनेपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

घरापुरता आणि गोदामापुरता कोरडा दिवस पाळणे तर पूर्णतः स्वतःच्या हाती आहे. साचलेल्या पाण्यात जीवोत्पत्ती होते म्हणून पाणी साचू देऊ नये, ही जयणा जैन घरांना शिकवावी लागत नाही. जेथे पाणी साचत नाही, तेथे डास जन्मत नाही आणि जो जन्मलाच नाही, त्याला मारण्याचा प्रसंगही येत नाही.

भद्रावतीच्या पार्श्वनाथ तीर्थापासून इंद्रावतीच्या काठापर्यंत पसरलेल्या या प्रदेशात पुढची साथ कोणती असेल आणि केव्हा येईल, हे सांगता येत नाही. ती आली की आकडे प्रसिद्ध होतील, पण काही आठवडे उशिराने. तोवर ज्या घरात उपाय सवयीचा झालेला असेल आणि ज्या दुकानात आजारी नोकराची मजुरी कापली जात नसेल, तेथे खबरदारी वेळेवर घेतली जाईल. त्याची तयारी रोहिण्या बरसण्यापूर्वी, साठ्याची यादी लिहिताना, त्याच वहीत करता येते.